तो असा का वागतो?

जगातली सगळ्यात जुनी विद्या कोणती, असं कुणी विचारलं तर लोक वैद्यक म्हणतील, ज्योतिष म्हणतील, शेती म्हणतील. माझं मत निराळं आहे. शेजारी असा का वागतो हे सांगणं, ही जगातली सगळ्यात जुनी विद्या. गुहेत राहणाऱ्या माणसांपैकी एकजण शिकारीला गेला असेल, तेव्हा मागे राहिलेल्या दोघातिघांनी शेकोटीपाशी बसून पहिली चर्चा केली असेल ती हीच. 'हा असा तुसडा का हो?' 'अहो, याचा बापही तसाच होता.' झालं! आनुवंशिकतेचा सिद्धान्त तिथल्या तिथे जन्माला आला. त्यावर दुसरा म्हणाला असेल, 'बाप कसला? आईने लाडावून ठेवला.' दुसरा संप्रदाय सुरू. पुढे युरोप-अमेरिकेतल्या काही विद्वानांनी शेकोटीपाशी चालणाऱ्या या गप्पांना दाढी, चष्मा आणि विद्यापीठाची खुर्ची दिली आणि त्यांना मानसशास्त्र असं नाव पडलं.

असं मी म्हटलं की आमची भाची चिडते. ती मानसशास्त्र घेऊन एम. ए. करते आणि त्यासाठी आमच्याकडे राहते. 'मामा, ते शास्त्र आहे. १८७९ साली लाइपझिगला वुंटने प्रयोगशाळा काढली तेव्हापासून!' लाइपझिग म्हटलं की मी गप्प बसतो. ज्या गावाला आपण गेलो नाही आणि जाण्याची शक्यता नाही, त्या गावाशी वाद घालू नये.

परीक्षा जवळ आली की भाची घरभर तक्ते लावते. त्यातला एक स्वयंपाकघरात, कालनिर्णयाच्या शेजारी लागला. वर ठळक अक्षरांत प्रश्न : 'माणूस असा का वागतो?' आणि खाली पाच रकाने. मनोविश्लेषण म्हणतं, त्याच्या अबोध मनात दडपलेल्या इच्छा असतात म्हणून. वर्तनवाद म्हणतो, परिस्थितीने तशी सवय लावली म्हणून. मानवतावाद म्हणतो, त्याला कुणी आहे तसा स्वीकारला नाही म्हणून. बोधनिक मानसशास्त्र म्हणतं, तो तसा विचार करतो म्हणून. आणि जैविक म्हणतं, त्याच्या मेंदूत तसं घडतं म्हणून.

आमच्या सौ.ने फोडणी देता देता तो तक्ता वाचला. 'म्हणजे दोष कुणाचा, हेच ना?' ती म्हणाली. 'इच्छेचा, सवयीचा, लोकांचा, विचारांचा, नाहीतर मेंदूचा. माणसाचा रकाना कुठाय?'

भाचीने तिला पाठ्यपुस्तकातलं काहीतरी ऐकवलं, पण तेवढ्यात मोहरी तडतडली. मला मात्र तो प्रश्न रात्रभर पुरला. कारण गंमत बाजूला ठेवली तर प्रश्न खरा आहे. एखाद्याने वाईट केलं, आणि ते त्याने का केलं हे आपल्याला अगदी पूर्ण कळलं, तर मग त्याला बोल लावायचा की नाही? आणि लावायचा नाही म्हटलं, तर त्याने चांगलं केलं तेव्हा शाबासकी तरी कुणाला द्यायची?

पण आधी शास्त्राला न्याय देऊ. एकाच घोड्याची गोष्ट घ्या. व्हिएन्नामधल्या एका पाच वर्षांच्या मुलाला घोड्यांची भीती बसली. घोडा चावेल, घोडा पडेल, म्हणून तो घराबाहेर पाऊल टाकीना. त्या काळी व्हिएन्नाच्या रस्त्यांवर घोडेच घोडे, तेव्हा पंचाईत मोठी. मुलाचे वडील फ्रॉइडचे भक्त. त्यांनी मुलाचं बोलणं लिहून काढायचं, फ्रॉइडला कळवायचं आणि फ्रॉइडने अर्थ लावायचा, असा टपाली उपचार चालला. या उपचारात फ्रॉइडने मुलाला प्रत्यक्ष पाहिलं ते एकदाच. १९०९ साली 'छोटा हान्स' या नावाने ही हकीकत छापून आली. निष्कर्ष असा, की घोडा हा घोडा नव्हेच, तो बाप आहे. आईवर जीव असलेल्या मुलाला बापाचा धाक वाटतो आणि तो धाक घोड्यावर जाऊन बसतो. घोड्याच्या तोंडाभोवतीचं काळं म्हणजे बापाच्या मिश्या आणि डोळ्यांवरची झापडं म्हणजे बापाचा चष्मा!

१९६० साली वोल्पे आणि रॅकमन या दोघांनी तेच कागद पुन्हा वाचले. ते म्हणाले, मिश्या कसल्या घेऊन बसलात? त्या पोराने बसगाडीचा घोडा रस्त्यात कोसळून पाय झाडताना पाहिला होता. पाहिला आणि घाबरला. इतकं साधं आहे. वर्तनवाद्यांचा हा जुना दाखला. १९२० साली वॉटसन आणि त्याची सहकारी रोझाली रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवला आणि मागे लोखंडी कांबीवर हातोडी हाणली. पाचसात वेळा असं झाल्यावर पोर नुसता उंदीर दिसला तरी रडू लागलं. त्याची भीती काढण्याचं मात्र राहून गेलं. ते काम १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या दुसऱ्या एका मुलावर केलं. सशाला घाबरणाऱ्या त्या मुलाला त्या आवडीचा खाऊ देत आणि ससा रोज थोडा थोडा जवळ आणीत. असं करता करता एक दिवस मुलगा सशाला कुरवाळू लागला. यात बाप नाही, मिशी नाही. खाऊ आणि ससा.

१९७३ साली जॉन बोल्बी नावाचे तिसरे गृहस्थ आले. तेही तेच कागद वाचून म्हणाले, बाप सोडा आणि घोडाही सोडा. त्या मुलाची आई रागाच्या भरात घर सोडून जाण्याची धमकी देत असे. आई जाईल, या धास्तीने पोर घराला चिकटून बसलं होतं. घोडा एक, मालक तीन.

आमच्या सौ.चं मत विचारलं. ती म्हणाली, 'एवढं धूड डोळ्यांदेखत कोसळलं तर मीसुद्धा भ्याले असते.' आपण वोल्पे आणि रॅकमन यांच्या संप्रदायात बसतो, याची तिला कल्पना नाही.

मला या गोष्टीतला सगळ्यात आवडता भाग शेवटचा. १९२२ साली एकोणीस वर्षांचा एक तरुण फ्रॉइडला भेटायला आला आणि म्हणाला, 'छोटा हान्स म्हणजे मीच.' चांगला धडधाकट होता. पुढे तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दिग्दर्शक झाला. त्याने स्वतःवरचा तो सगळा ग्रंथ वाचला होता आणि त्यातलं त्याला काहीही ओळखीचं वाटलं नव्हतं. जगभरचे विद्वान ज्याच्या मनाचा तळ ढवळत होते, त्याला त्या तळाशी स्वतःचा काही पत्ता लागेना. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

वर्तनवाद्यांबद्दल मला थोडा जास्त जिव्हाळा आहे, कारण त्यांची भाषा आपल्या घरातली वाटते. वॉटसनने छातीठोकपणे लिहिलं होतं, की धडधाकट डझनभर मुलं माझ्या ताब्यात द्या, त्यांतल्या हव्या त्याला डॉक्टर करतो, हव्या त्याला वकील करतो, सांगाल तर चोरही करतो. खाजगी क्लासवाले याहून वेगळं काय सांगतात? फक्त चोराचा उल्लेख ते करीत नाहीत. विद्यापीठ सुटल्यावर हा वॉटसन जाहिरातीच्या धंद्यात गेला आणि तिथे त्याची भरभराट झाली, यात मला काहीच नवल वाटत नाही. त्याच्यानंतरचा स्किनर तर कबुतरांत रमला. १९४८ साली त्याने दाखवलं, की पिंजऱ्यात ठरावीक वेळाने आपोआप दाणे पडत राहिले, तर दाणे पडताना जे कबुतर गिरकी घेत होतं ते पुढे गिरक्याच घेत बसतं. त्याला वाटतं, आपल्या गिरकीनेच दाणे पडतात. भारताची फलंदाजी चालू असताना आमच्या मेव्हण्यांना खुर्चीवरून उठू दिलं जात नाही, त्याची उपपत्ती मला त्या दिवशी मिळाली. याच स्किनरने १९७१ साली पुस्तक लिहून सांगितलं, की माणूस आपल्या मर्जीचा मालक आहे, ही समजूतच आता सोडून द्या. म्हणजे सौ.ने मागितलेला रकाना त्याने चक्क खोडूनच टाकला.

आता आमच्या सोसायटीत काय घडलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी गणपतीत मांडवातल्या वर्गणीच्या डब्यातून चारशे रुपये गेले. घेतले कुणी, हे शोधावं लागलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या अकरा वर्षांच्या मुलाने स्वतःच येऊन सांगितलं. वडील बदलीच्या गावी, आई रुग्णालयात रात्रपाळीला. संध्याकाळी गच्चीवर कार्यकारिणीची तातडीची सभा भरली. मी चिटणीस, म्हणून इतिवृत्ताची वही माझ्या मांडीवर. मुलगा पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसला होता.

आणि मग, काय सांगू, भाचीचा तो आख्खा तक्ता स्वयंपाकघरातून उठून गच्चीवर आला. तळमजल्यावरचे बँकेतले साहेब म्हणाले, 'बाप घरात नाही. पोरगा पैसे घेत नव्हता, बाप शोधत होता.' हे मनोविश्लेषण. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, 'मारझोड नको. आठ दिवस मोदक बंद ठेवा, चांगलं वागला की चालू करा.' हे शुद्ध कबुतर. योगाचे वर्ग घेणाऱ्या वहिनी म्हणाल्या, 'त्याला जवळ घ्या. काही विचारू नका, नुसतं समजून घ्या.' हा मानवतावाद. औषधाचं दुकान चालवणारे गृहस्थ म्हणाले, 'साखर. हल्लीची मुलं गोड फार खातात, ते डोक्यात जातं.' हे शास्त्राला मान्य नाही, पण जैविकचा रकाना कुणीतरी भरायलाच हवा होता. हिशेबतपासनीस म्हणाले, 'त्याच्या डोक्यात विचारच असा बसलाय, की मला हवं ते मिळालंच पाहिजे.' हे बोधनिक. एका गोष्टीवर मात्र सर्वांचं एकमत झालं, की मुलाचा काही दोष नाही.

पायरीवरून आवाज आला, 'काका, मी घेतले. मला बॅट घ्यायची होती.'

'हो रे बाळा,' वहिनी म्हणाल्या, 'तुला तसं वाटणारच.'

'वाटत नाही! घेतलेच!'

'बघा, किती अपराधी वाटतंय त्याला,' बँकवाले साहेब हळूच म्हणाले.

मुलगा रडायला लागला. मी वहीत लिहिलं : 'सदर मुलाचे म्हणणे ऐकून घेण्यात आले.'

तेवढ्यात पाऊस येईल म्हणून वाळत घातलेलं लुगडं काढायला तळमजल्यावरच्या माई वर आल्या. वय ऐंशीच्या घरात, शिक्षण चौथी. सभा कशाची हे त्यांनी दोन मिनिटं उभ्या राहून ऐकलं आणि लुगड्याची घडी करीत सरळ पायरीपाशी गेल्या.

'काय रे, घेतलेस?'

'हो, माई आजी.'

'किती?'

'चारशे.'

'त्यातले उरले किती?'

'दीडशे.'

'ते आत्ताच्या आत्ता आण. अडीचशे कसे फेडणार?'

आणि नवल असं, की संध्याकाळपासून हुंदके देणारं ते पोर डोळे पुसून हिशेब करायला लागलं. खाऊचे पैसे किती, रद्दीचे किती येतील. शेवटी ठरलं, की माईंची दुधाची पिशवी रोज सकाळी आणून द्यायची, दिवसाला पाच रुपये. 'आणि पुन्हा डब्याला हात लावलास तर तंगडं मोडीन, मेल्या,' असं म्हणून माई जिना उतरल्या. मुख्याध्यापकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शिक्षेने फार काळ काही साधत नाही हे स्किनरचंही मत, त्यामुळे ते एकटे नव्हते. पण मुलगा मात्र मान वर करून खाली गेला. दिवाळीपर्यंत पैसे फिटले. अधूनमधून माई त्याला जेवायलाही बसवीत, आणि त्याचे पैसे काही वळते केले नाहीत.

मी पुष्कळ दिवस विचार करीत होतो, की माईंनी नेमकं काय केलं? त्या रागावल्या म्हणून तो शहाणा झाला, असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. रागावणारे पुष्कळ असतात. सभेतल्या मंडळींचं म्हणणंही सगळं चूक नव्हतं. बाप लांब होताच. आई रात्रपाळीला होतीच. मग फरक कशात?

फरक व्याकरणात आहे. शाळेत आपण शिकलो : प्रथम पुरुष मी, द्वितीय पुरुष तू, तृतीय पुरुष तो. तृतीय पुरुष म्हणजे जो समोर नाही तो. मुलगा आमच्यापासून सहा हातांवर बसला होता, आणि सबंध सभा त्याच्याबद्दल 'तो' म्हणत होती. तो असं का वागला, त्याला काय हवं, त्याचं काय करावं. वहिनींनी एकदा 'तुला' म्हटलं, पण तेही तो काय म्हणतोय ते न ऐकण्यासाठी. 'घेतलेस?' असं विचारणाऱ्या पहिल्या माई. 'घेतले' या क्रियापदाला त्यांनी कर्ता परत दिला.

हे व्याकरण मी शोधलेलं नाही. १९६२ साली पीटर स्ट्रॉसन या तत्त्वज्ञाने ब्रिटिश अकादमीत 'स्वातंत्र्य आणि रोष' या विषयावर व्याख्यान दिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाकडे बघण्याच्या दोन तऱ्हा असतात. एकीत आपण त्याच्यावर रागावतो, रुसतो, त्याचे आभार मानतो, त्याला क्षमा करतो. म्हणजे त्याच्याशी आपला व्यवहार असतो. दुसरीत आपण त्याला समजून घेण्याची, सांभाळण्याची, बरी करण्याची किंवा वळण लावण्याची वस्तू मानतो. मग त्याच्याशी भांडण होऊ शकत नाही. कारण भांडायला समोर कुणी शिल्लकच नसतं. लोकलमध्ये कुणी पायावर पाय दिला तर आपण भडकतो. गाडीच्या धक्क्याने तो आपल्यावर आदळला हे कळलं की शांत होतो. दुखतं तेवढंच, पण आता पाय देणारा माणूस राहत नाही, नुसतं एक वजन उरतं. कारण सांगितलं की दोष जातो, हे खरं. पण दोषाबरोबर माणूसही जातो, हे आपल्या ध्यानात येत नाही. म्हणून ते पोर रडत होतं. चोर म्हटलेलं त्याला चाललं असतं, पण सगळ्यांनी मिळून त्याचं नुसतं वजन केलं होतं.

प्रथम पुरुषाची गंमत आणखी निराळी. १९७१ साली जोन्स आणि निस्बेट या दोघांनी म्हटलं, की स्वतःच्या वागण्याला आपण परिस्थिती हे कारण देतो आणि दुसऱ्याच्या वागण्याला स्वभाव. पुढे २००६ साली बर्ट्रम माले याने १७३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर सरसकट असं काही आढळेना. वाईट घडलं तरच ते खरं ठरे; चांगलं घडलं की उलट! म्हणजे मोदक छान झाले ते माझ्या हाताला चव आहे म्हणून, आणि फुटले ते पिठी बरोबर नव्हती म्हणून. आमच्या घरी याला १७३ अभ्यास लागत नाहीत, एक संकष्टी पुरते.

आता तुम्ही म्हणाल, मग मानसोपचार करणारे हे लोक काय करतात? तेही 'तो'च म्हणतात का? त्याचा दाखला भाचीनेच मला दाखवला. १९६५ साली अमेरिकेत एव्हरेट शॉस्ट्रॉमने एक चित्रपट काढला. ग्लोरिया नावाची एक घटस्फोटित बाई आणि तीन पंथांचे तीन आचार्य : कार्ल रॉजर्स, फ्रिट्स पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. तिघांनी कॅमेऱ्यासमोर पाळीपाळीने तिच्याशी बोलायचं. आपल्याकडे एकाच रोग्याला वैद्य, होमिओपॅथ आणि सर्जन दाखवतात, तसंच.

ग्लोरियाचा प्रश्न मानसशास्त्राचा नव्हताच, नीतीचा होता. तिला नऊ वर्षांची मुलगी. त्या मुलीने विचारलं, की आई, बाबा गेल्यानंतर तुझे कुणाशी संबंध आले का? आई नाही म्हणाली. ते खोटं होतं, आणि ते तिला आतून टोचत होतं. तिने रॉजर्सला विचारलं, खरं सांगितलं तर मुलीच्या मनावर परिणाम होईल का? रॉजर्सने उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं, तरी नाही. तो इतकंच म्हणत राहिला, की उत्तर देता आलं असतं तर बरं झालं असतं, पण हा निर्णय तुझा आहे. मात्र हे म्हणताना तो जागचा हलला नाही आणि तिच्यावरची नजर त्याने काढली नाही. शेवटी ती म्हणाली, माझे वडील तुमच्यासारखे असते तर! पर्ल्सची तऱ्हा उलटी. ती म्हणाली, मला भीती वाटते; तो म्हणाला, भीती वाटते तर हसतेस कशाला? नाटकी आहेस तू. ती खवळली आणि दोघांचं जुंपलं. एलिसकडे बोलणं मुख्यतः एलिसचंच झालं. त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती किशोर फडके यांच्यासारख्यांनी मराठीत आणून रुजवली आहे, आणि मला विचाराल तर त्याचं सगळं शास्त्र मराठीत एका अक्षरात मावतं : 'च'. मला हे मिळावं, ही इच्छा. मिळालंच पाहिजे, हा रोग. आमच्या हिशेबतपासनिसांनी अचूक त्या 'च'वर बोट ठेवलं होतं. फक्त ते मुलाला न सांगता सभेला सांगितलं.

चित्रपटाच्या अखेरीला ग्लोरियाला विचारलं, की यांतलं कोण जास्त उपयोगी? तिने भांडणाऱ्या पर्ल्सचं नाव घेतलं. पुढच्या आयुष्यात मात्र पत्रव्यवहार ठेवला तो न बोलणाऱ्या रॉजर्सशी, आणि तोही मरेपर्यंत. भाची म्हणते, यावर वर्गात तास तास वाद होतात. मला यात विरोध दिसत नाही. एक भांडला, दुसरा ऐकत राहिला; पण दोघांनीही तिला समोर बसवून 'तू' म्हटलं. मानसोपचाराचे पंथ एकमेकांशी कितीही भांडोत, १९३६ साली सॉल रोझेन्झवाइग म्हणून गेला, की सगळेच जिंकतात आणि सगळ्यांनाच बक्षीस द्यावं लागतं. १९७७ साली स्मिथ आणि ग्लास यांनी ३७५ अभ्यास तपासून पाहिले. बोलून केलेले उपचार लागू पडतात, पण कोणत्या पंथाचे यामुळे फारसा फरक पडत नाही, असं त्यांना दिसलं. वाद अजून मिटलेला नाही, आणि कशाची तरी जबर भीती बसली असेल तर ती वस्तू हळूहळू जवळ आणण्याची जोन्सबाईंची रीतच आजही उत्तम. पण उपचार करणारा आणि घेणारा यांचं एकमेकांशी कितपत जुळलं, हे मोजायला सगळ्याच पंथांचे लोक आता विसरत नाहीत.

तर मग सगळ्यांना सरसकट 'तू घेतलेस' म्हणत सुटावं? नाही. आमच्या कट्ट्यावरचा एक मित्र अचानक यायचा बंद झाला. फोन घेईना, दाढी करीना. आम्ही त्याला 'तू'च म्हणत होतो : तू आळशी झालास, तू मनावर घेत नाहीस, तू जरा उठ बघू. त्या 'तू'चे त्याला रोज फटके बसत होते. शेवटी बायकोने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आठवड्याला बोलायला बोलावलं. सहा महिन्यांनी तो कट्ट्यावर आला आणि म्हणाला, 'तो माझा स्वभाव नव्हता, आजार होता, हे ऐकल्यावर मी पहिल्यांदा झोपलो.' इथे कारणाने माणूस घालवला नाही, गाडला गेलेला माणूस वर काढला.

कायद्यालाही हे शिकायला किती वर्षं लागली पाहा. आत्महत्येचा प्रयत्न करून जो वाचला त्याला आपल्याकडे कलम ३०९ खाली शिक्षा होती. मुंबईतल्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली ते कलम घटनाबाह्य ठरवलं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. मग मानसिक आरोग्य कायदा, २०१७ आला आणि त्याने सांगितलं, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चाला. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम उरलेलंच नाही. जो जीव द्यायला निघाला होता त्याच्यासमोर हातकडी घेऊन उभं राहण्याऐवजी, त्याला तसं का वाटलं हे विचारणं जास्त शहाणपणाचं, हे मान्य व्हायला इतकी वर्षं गेली.

मग 'तू' कधी म्हणायचं आणि कारण कधी सांगायचं? याला तराजू नाही, पण मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे. ज्याच्याबद्दल आपण हे सांगतो आहोत, त्याला समोर बसवून, त्याच्या डोळ्यांत बघून तेच सांगता येईल का? आणि ऐकून तो म्हणेल का, की हो, हा मीच? डॉक्टरांनी माझ्या मित्राला सांगितलं ते त्याला ओळखीचं वाटलं. व्हिएन्नाच्या मुलाला त्याचा ग्रंथ ओळखीचा वाटला नाही. तो उठून गेल्यावरच जे सांगता येतं, त्याला कितीही तळटीपा जोडल्या तरी त्या कुचाळक्याच. या कसोटीवर पाचही पंथ पास होऊ शकतात, आणि पाचही नापास. ते पंथावर नाही, सांगणाऱ्याने तोंड कुठे केलं आहे यावर अवलंबून आहे.

कसोटी ठरवली की ती स्वतःला लावावी लागते. तो मुलगा आता कॉलेजात जातो. हा लेख मी त्याला समोर बसवून वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकला. 'रक्कम बरोबर आहे,' तो म्हणाला, 'पण काका, मी रडत नव्हतो.'

रडत होता. पण चिटणिसाच्या सवयीने दोन्ही म्हणणी इतिवृत्तात नोंदवून ठेवतो.